आखाजी ते कानबाई: धाब्याच्या घरातलं कपाट नव्या घरात आणताना

पार्श्वभूमी

जळगावच्या बाहेर नवीन वसाहतीत रो-हाऊस घेतलेलं एक कुटुंब. नावं सांगत नाही, आपण त्यांना ताई आणि दाजी म्हणू. दाजी भुसावळला नोकरीला, रोजचं अप-डाऊन, ताई घरूनच शिवणकाम करते, तीन वर्षांचा मुलगा आहे, शिवाय दाजींचे आईवडील, म्हणजे जिजी आणि नाना. घराचा हप्ता सुरू झाला होता आणि हातात फर्निचरसाठी साधारण ६० हजार उरले होते, तेवढ्यात मॉड्युलरवाल्याने एका बेडरूमच्या वॉर्डरोबचंच कोटेशन जवळपास तेवढं दिलं.

त्याच वेळी चोपडा तालुक्यातलं त्यांचं जुनं धाब्याचं घर उतरवायचं ठरलं होतं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, मातीचं सपाट छत, जाड भिंती आणि आत सागवानी खांब, तुळया, कड्या. सातपुडा जवळ, त्यामुळे आमच्याकडे जुन्या घरांत सागवान भरपूर सापडतं. त्या घरात नानांच्या वडिलांच्या काळातलं दोन दारांचं कपाट होतं, एक चौरंग, एक वेताची आरामखुर्ची, एक खाट आणि भिंतीतल्या लाकडी खुंट्या.

दोन तारखा पक्क्या होत्या. गृहप्रवेश आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि जिजींची अट अशी की श्रावणातली कानबाई देवी नव्या घरात बसली पाहिजे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सगळे भाऊबंद जमतात, रोट होतात, सोमवारी विसर्जन. त्याआधी घर रंगवून धुऊन पुसून लख्ख हवं, निम्मं काम झालेलं घर भाऊबंदांना दाखवायचं नाही हे जिजींनी आधीच सांगून टाकलं. म्हणजे मे महिन्याच्या ४४-४५ अंशांच्या रखरखाटात काम सुरू होणार आणि भर पावसाळ्यात संपणार. या प्रकरणात जे जे बिघडलं आणि जे जे साधलं त्यातलं बरंचसं या दोन तारखांच्या मधल्या हवेमुळे झालं, म्हणूनच मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी जुनं फर्निचर दुरुस्त करून देते, माझ्यासोबत एक वयस्कर सुतार असतात, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो.

अडचण काय होती

कपाटावर ऑइल पेंटचे थरावर थर होते, वर हिरवा, खाली राखाडी, त्याच्या खाली अजून एक पिवळट. मागचा डावा पाय वाळवीने खाल्लेला. दाजींना वाटत होतं की अख्खं कपाटच पोखरलंय, भंगारवाल्याला देऊन टाकावं, एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने तर जागेवर ८ हजार सांगितले पण होते.

आप्पांनी पटाशीच्या टोकाने सगळीकडे टोचून बघितलं. पायाला मातीच्या नळ्या होत्या, तिथं पटाशी सरळ आत गेली, पण गाभ्याच्या काळपट लाकडात ती टणकन थांबत होती. सागाचा जो आतला गाभा असतो तो वाळवी सहसा खात नाही, त्यात नैसर्गिक तेलं आणि द्रव्यं असतात, खाते ती बाहेरची पांढरी कड. पायाला नेमकी ती पांढरी कड आलेली होती. आतल्या फळीवर टाचणीएवढी छिद्रं होती पण खाली ताजं पीठ पडत नव्हतं, म्हणजे भुंगा कधीतरी लागून गेलेला. आप्पा कपाटावर हात ठेवून नानांना म्हणाले, "आसं लाकूड आते कोठे भेटस, भाऊ?" नाना काही बोलले नाहीत, पण व्यापाऱ्याचा विषय तिथंच संपला.

दुसरी अडचण मुलाची. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. दाजींनी भाड्याने सँडर मशीन आणून अंगणातच घासायचं ठरवलं होतं, म्हणजे ती सगळी धूळ घरभर आणि लेकराच्या तोंडात. हे थांबवणं सगळ्यात पहिलं काम होतं.

तिसरी अडचण बाकीच्या सामानाची. डायनिंग टेबल, खुर्च्या आणि सेंटर टेबल घ्यायचंच होतं आणि नवीन परवडत नव्हतं. भुसावळला रेल्वेतल्या लोकांच्या बदल्या होत राहतात, सामान विकून जाणारे भेटतात. तिथून दाजींनी शिसवी डायनिंग टेबल आणि चार खुर्च्या ९ हजारांत आणल्या, माल चोख निघाला. सेंटर टेबल मात्र एका दलालाकडून "शुद्ध सागवान" म्हणून घेतलं, ते काय होतं ते पुढे येतंच.

पर्याय

रंगाच्या बाबतीत घरात तीन मतं होती. ताईला मोबाईलवर बघितलेलं पांढरं डिस्ट्रेस्ड लूकचं कपाट हवं होतं. दाजींना चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. नाना म्हणत होते काही करू नका, आहे तसं आणा.

पांढरा रंग सगळ्यात स्वस्त होता, जुना रंग पूर्ण काढावाही लागला नसता, नुसता पकड येण्यापुरता ओला सँडपेपर मारून प्राइमर. मी तो पर्याय लगेच बाद केला नाही, कारण लाकूड साधं असेल तर तेच योग्य असतं. पण आम्ही आतल्या बाजूचा एक वितभर तुकडा साफ करून दाखवला आणि त्यावर नुसतं ओलं फडकं फिरवलं, ती सोनेरी-तपकिरी रेघ वर आली तशी ताईच म्हणाली की हे झाकायचं नाही. लोकांना समजावत बसण्यापेक्षा असा एक तुकडा साफ करून दाखवावा, निर्णय आपोआप होतो.

मग पॉलिश कुठलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुरचुंडीने लावायची जुनी पद्धत आप्पांच्या हातची, जुन्या सागाला तिच्याइतकी शोभा कशानेच येत नाही आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. पण लाखेवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग, पाणी साचलं की पांढरा डाग, आणि दमट हवेत लावली की अख्खा थरच दुधाळ होतो. पीयू टिकाऊ, पण खराब झाला की सगळा काढावा लागतो. जवसाचं तेल, म्हणजे दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं ते, लावायला सोपं, पण वाळायला वेळ घेतं आणि बंद कपाटाच्या आत लावलं तर कपड्यांना महिनोन् महिने वास येतो.

म्हणून एकच पॉलिश सगळ्यांना न लावता वस्तूच्या कामाप्रमाणे ठरवलं. कपाटाला बाहेरून लाख, आतून काहीच नाही. डायनिंग टेबलाला पीयू, कारण तिथं रोज गरम कळण्याची भाकरी आणि भरताचं पातेलं येणार. चौरंगाला जवसाचं तेल, कारण त्यावर हळद, कुंकू, पाणी, तेल सगळं सांडणार आणि तो दरवर्षी परत तेल लावून ठेवता येतो.

कपाट सोडवणं आणि आणणं

हे सगळ्यात अवघड निघालं आणि सगळ्यात जास्त शिकवून गेलं. नव्या घराच्या जिन्याचं वळण अरुंद, कपाट अखंड वर जाणार नाही हे टेप लावल्यावर कळलं. हमालांनी वरची नक्षीची कांगणी कापायची सूचना केली. आप्पांनी मागून बघितलं तर पूर्ण कपाटात स्क्रू नव्हता, कुसू, म्हणजे फळीचं जिभेसारखं कोरलेलं टोक, खोबणीत बसवून आडवी लाकडी खुंटी मारलेली. प्रत्येक खुंटी किंचित निमुळती असते, बारीक बाजूने ठोकली तरच निघते, उलटीकडून ठोकली तर अजून घट्ट बसते आणि शेवटी फुटते. आप्पा आधी दोन्ही बाजूंना बोट फिरवायचे, कुठलं टोक बारीक ते बघायचे, मग लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळू टोले. निघालेली खुंटी तिच्याच भोकाच्या नंबराने पाकिटात, आणि प्रत्येक सांध्यावर खडूने तोच नंबर. दुपारपर्यंत अख्खं कपाट फळ्या होऊन टेम्पोत बसलं, काहीही न कापता. नाना तिथंच खाटेवर बसून होते, कुठली फळी कुठली ते त्यांनाच जास्त माहीत होतं.

खराब पाय तिरका कापून धाब्याच्या तुळईतल्या सागाचा तुकडा जोडला. सरळ जोडापेक्षा तिरक्या जोडाला फेविकॉल धरायला जागा जास्त मिळते. जुन्या तुळईत मोडलेले खिळे असतात म्हणून रंधा लावायच्या आधी लोहचुंबक फिरवून घ्यायचा, नाहीतर पातं गेलंच. वाळवी-किडीचं औषध फक्त मागच्या फळ्यांना आणि छिद्रांत सिरिंजने, हातमोजे घालून, आणि ते पूर्ण वाळेपर्यंत फळ्या घराबाहेर. गावात कुणी रॉकेल ओता म्हणालं, रॉकेल उडून जातं, पुढचं संरक्षण त्याने होत नाही.

रंग पेंट रिमूव्हरने मऊ करून पत्र्याने खरवडला, उरलेला ओल्या पेपरने. काम गावाकडच्या खळ्यात, मुलापासून लांब, तोंडाला नुसता रुमाल न बांधता मास्क, आणि खरवडलेलं सगळं पेपरात गुंडाळून पिशवीत बंद. मग कोरडा पेपर आधी ८०, १२०, शेवटी २२० नंबर, नेहमी लाकडाच्या रेघेने.

फटीचा वाद

कपाट परत जोडलं तेव्हा दारांच्या चौकटीत पॅनलच्या कडेला दोन्हीकडून फट दिसत होती. घराचं बाकी काम बघणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं, फेविकॉलमध्ये भुसा कालवून बुजवा, एकदम प्लेन दिसेल. दाजींनाही ते पटलं होतं. आप्पा नाहीच म्हणाले. चौकटीतलं पॅनल खोबणीत मोकळं ठेवलेलं असतं ते मुद्दाम. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला हवेतलं पाणी पिऊन फुगतं. मे महिन्यात खान्देशातलं लाकूड वर्षातलं सगळ्यात आकसलेलं असतं, तेव्हा फट बुजवली तर जुलैत पॅनलला जायला जागाच नाही, मग एकतर पॅनल तडकतं नाहीतर चौकटीचा सांधा उघडतो. आप्पा दाजींना एवढंच म्हणाले, पाणी पडू द्या, मग बघा. फट तशीच ठेवली.

ड्रॉवरच्या बाबतीत मात्र दाजींनी ऐकलं नाही. त्यांना ड्रॉवर अगदी फिट्ट हवे होते, म्हणून खालच्या ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी नवी पट्टी चिकटवून घेतली.

सेंटर टेबल

रविवारी दाजींनी सँडर मशीन या टेबलावर चालवली. कोपऱ्यावर काही सेकंदांत सागाचा कागदाएवढा थर गेला आणि खालून प्लायची आडवी रेघ वर आली. म्हणजे सागवान नव्हतं, प्लायवर विनिअर होतं. विनिअर वाईट असतं असं नाही, पण त्याला मशीन लावायची नसते, हाताने ३२० चा पेपर हलकाच फिरवायचा.

घेताना ओळखायची खूण अशी की वरची रेघ कडेवरून खाली वळून येते का बघायचं. अखंड लाकडात टोकाच्या बाजूला कापलेल्या रेघांचे टिपके दिसतात, विनिअरमध्ये कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असते. टेबल उलटं करून खालूनही बघायचं, खालचं कुणी सजवत नाही.

आता त्याचं काय करायचं, तर इथं हाताने केलेल्या सजावटीचा विषय आला.

गोधडी, सोपट आणि खुंट्या

ताईच्या मनात जिजींची जुनी गोधडी हॉलच्या भिंतीवर लावायची होती. जिजी एकदम चिडल्या, "गोधडी पांघरायची असते, भिंतीला काय थंडी वाजते?" मला जिजींचं पटलं. त्या गोधडीत नानांच्या धोतराचे आणि जिजींच्या आईच्या लुगड्याचे तुकडे आहेत, ती वापरातली वस्तू, उन्हात वाळत घालायची, मुलावर टाकायची. मधला मार्ग जिजींनीच काढला, ताईच्या शिवणकामातल्या चिंध्या घेतल्या आणि सेंटर टेबलाच्या मापाची नवीन छोटी गोधडी शिवायला बसल्या, कडेने बारीक उभा धावदोरा, मध्ये चौकटी. टेबलाच्या कडा काळ्या रंगवल्या, वर ही गोधडी आणि त्यावर ५ मिलिमीटरची काच. काच थेट कापडावर न टेकवता कोपऱ्यांना रबरी बटणं दिली, नाहीतर पावसाळ्यात खाली दमटपणा कोंडून कापडाला बुरशी आली असती.

लॅम्पशेड केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची. जळगाव जिल्ह्यात केळी कापल्यावर खोडं शेतात पडूनच असतात, वाळलेलं सोपट आपल्याकडे पूर्वीपासून बांधायला वापरतात. ताईने रावेरकडच्या नातेवाइकांकडून ते मागवलं, पाण्यात भिजवून मऊ केलं, उभे पट्टे फाडून तीन पेडी वेण्या घातल्या आणि जुन्या पंख्याच्या जाळीवर गुंडाळून सुई-दोऱ्याने टाचल्या. वाळल्यावर तपकिरी, पिवळा, मधेच जांभळट असा रंग येतो, तो विकत मिळत नाही. आत ७ वॅटचा एलईडीच लावायचा, जुना बल्ब गरम होतो आणि हे सगळं वाळकं आहे.

धाब्याच्या भिंतीतल्या खुंट्या एका तुळईच्या फळीवर बसवून दाराशी पिशव्या आणि टोप्या अडकवायला. घराच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या, त्यात साधा प्लगचा स्क्रू ओझ्याने निघून येतो, म्हणून त्यासाठीचे वेगळे अँकर वापरले.

निकाल

जूनच्या सुरुवातीला कोरड्या हवेत कपाटाला लाखेचे बरेचसे हात झाले. एका दारावरचे शेवटचे हात राहिले तेवढ्यात पाऊस आला. आप्पा थांबा म्हणत होते, दाजींना कानबाईची घाई, लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या दारावर दुधाळ झाक आली.

जुलैत पॅनलच्या फटी आपोआप मिटल्या, कुठंही तडा नाही. खालचा ड्रॉवर, ज्याला पट्ट्या मारल्या होत्या, तो मात्र असा अडकला की ताईच्या साड्या पावसाळाभर आतच. दाजी रंधा मारायला निघाले होते, त्यांना थांबवलं, कारण फुगलेल्या लाकडावर मारलेला रंधा हिवाळ्यात ढिला ड्रॉवर देतो. ऑक्टोबरमध्ये तो स्वतःहून सुटला, मग पट्ट्या किंचित कमी केल्या आणि सरकणाऱ्या कडांना मेणबत्ती घासली. दुधाळ दारावरही तेव्हाच कोरड्या उन्हात स्पिरिटची पुरचुंडी फिरवली, झाक गेली.

कानबाई त्या चौरंगावर बसली. एक चुलतभाऊ आरती झाल्यावर कपाटापाशी थांबून विचारत होता की हे कुठल्या दुकानातून घेतलं, त्याच घरात लहानाचा मोठा झालेला माणूस, पण त्याने ते कायम हिरवंच बघितलेलं.

खर्च कपाटाचा मजुरी, औषध, पॉलिश, टेम्पो धरून साधारण १५ हजार, डायनिंगचं पॉलिशसकट १४, सेंटर टेबल काचेसकट ५ च्या आसपास, सजावट किरकोळ. ६० मधले बरेच वाचले, त्यातून मुलासाठी नवीन गादी घेतली. गाद्या, उशा, फोमचे सोफे सेकंडहँड घ्यायचेच नाहीत हे आधीच ठरलेलं, ढेकूण आले तर लाकडातून काढता येतात, फोममधून नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कामं उलट्या क्रमाने करायला हवी होती. कपाट आखाजीनंतर सोडवलं, ते होळीनंतर लगेच सोडवलं असतं तर एप्रिल संपायच्या आत लाख पूर्ण झाली असती आणि कानबाईची घाई आलीच नसती. घर उतरवायचं होळीपासून ठरलेलं होतं, फक्त फर्निचरचा विचार सामान भरायची वेळ आल्यावर झाला. आपल्या भागात लाखेचं काम मृगाच्या आधी संपवायचं नाहीतर सरळ दिवाळीवर टाकायचं. ते एक दार बिनपॉलिशचं ठेवून कानबाई झाली असती तरी काही बिघडत नव्हतं, त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण पडलं असतं.

जिन्याचं माप घर घेतानाच लिहून ठेवायचं. इथं कपाट खुंट्यांचं होतं म्हणून सुटलं, खिळ्यांचं असतं तर कांगणी गेली असती.

आणि एक गोष्ट जी घडता घडता राहिली. चौरंगाला तेल लावल्यावर दाजींनी ओली फडकी चुरगळून खळ्याच्या कोपऱ्यात, कापसाच्या पोत्यांशेजारी टाकली होती. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेते, ४४ अंशांत तर लवकरच. आप्पांनी बघितलं म्हणून ती उचलून पाण्यात टाकली. अशी फडकी आधी पाण्यात भिजवायची किंवा बाहेर एकेक पसरून वाळत घालायची, हे काम सुरू व्हायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला सांगितलं पाहिजे.

आरामखुर्चीचा निर्णय अजून बाकी आहे. सांगाडा पक्का आहे, वेत तुटलेला. प्लास्टिकची पट्टी स्वस्तात होते, पण नानांना ती उन्हाळ्यात पाठीला चिकटते. खरा वेत विणणारा माणूस आप्पांच्या ओळखीत अमळनेरकडे आहे, तो वेत भिजवून विणतो म्हणजे वाळताना ताणून बसतो. त्याला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, तोवर नाना खाटेवरच बसतात.